अमेरिकेचा मंगळवार आणि आमची मंगळवार पेठ

दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिना आला की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चहाबरोबर एक विषय हटकून निघतो. मिरजकर तिकटीला गाड्यापाशी चार माणसे उभी असतात. एकाचा लेथ आहे, दुसरा चांदीच्या मजुरीवर बसतो, तिसरा शिवणकाम करतो, चौथ्याचे सुट्या भागांचे दुकान. "अमेरिकेत कोण येणार?" यावर अर्धा तास रंगतो. कोणी या उमेदवाराची बाजू घेतो, कोणी त्याची. चहा संपतो आणि मंडळी कामाला लागतात. पण तिकडे अमुक आला तर आपल्या गल्ल्यात काय पडेल किंवा गल्ल्यातून काय जाईल, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडावा म्हणून हा लेख.

निमित्त एका तरुण भावाच्या प्रश्नाचे आहे. जवळच्या उद्यमनगरात तो जॉबवर्क करतो. त्याच्याकडे यंत्रकाम होणारे कास्टिंग पुढे एका मोठ्या कारखान्यामार्फत अमेरिकेला जाते. काम वाढेल या भरवशावर त्याने कर्ज काढून दुसरा लेथ घेतला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयात शुल्क वाढवले आणि त्याला निरोप आला, "थोडे थांबा." लेथ थांबला, हप्ते थांबले नाहीत. तो आम्हाला म्हणाला, "त्या निवडणुकीत मी कोणाला मत दिले नव्हते, मग दंड मला का?"

प्रश्न साधा आहे. उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

निवडणूक मंगळवारीच का?

अमेरिकेत १८४५ च्या कायद्याने अध्यक्षाच्या निवडणुकीचा दिवस ठरवून दिला. नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हा तो दिवस. कारण असे सांगतात की, तेव्हा बहुतेक मतदार शेतकरी होते. रविवार चर्चचा. मतदानाच्या गावी घोडागाडीने पोहोचायला सोमवार लागायचा. बुधवारी अनेक ठिकाणी बाजार भरायचा. म्हणून प्रार्थना आणि बाजार दोन्ही सांभाळून मंगळवार निवडला गेला. वारांच्या नावांनी पेठा वसलेल्या आमच्या शहराला हा हिशेब चटकन कळावा.

मोजणीची रीत मात्र आपल्याहून वेगळी आहे. सगळ्या देशाची मते एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठराविक निर्वाचक मिळतात. त्यांची एकूण संख्या ५३८ आणि विजयासाठी लागतात २७०. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर राज्यात जो पुढे, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक. त्यामुळे देशभरात कमी मते मिळालेला उमेदवारही अध्यक्ष होऊ शकतो. १८७६, १८८८, २००० आणि २०१६ मध्ये तसेच झाले. उलट १९९२ मध्ये रॉस पेरो नावाच्या धनाढ्य उद्योगपतीला देशात जवळजवळ १९ टक्के मते मिळाली, पण निर्वाचक एकही मिळाला नाही. मोठी उलाढाल आणि शून्य नफा, असा तो ताळेबंद.

गल्ल्यावरून गादीवर

आमच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल की, त्या खुर्चीवर दुकानदार आणि कारागीरही बसले आहेत. अब्राहम लिंकन यांनी तरुणपणी इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावी भागीदारीत किराणा दुकान चालवले. दुकान बुडाले, भागीदार वारला. लिंकन यांनी ते कर्ज वर्षानुवर्षे फेडले. हॅरी ट्रुमन यांचे कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान होते. १९२२ च्या मंदीत ते बंद पडले. दिवाळे जाहीर न करता त्यांनीही देणेकऱ्यांचे पैसे फेडले. १९४८ मध्ये ते हरणार अशी सर्वांची खात्री होती. शिकागोच्या एका मोठ्या वृत्तपत्राने तर त्यांच्या पराभवाचा मथळाही छापून टाकला. निकाल लागला तेव्हा ट्रुमन जिंकले होते. कर्ज बुडवू नये ही आपल्या दीनची शिकवण. ती पाळणारा माणूस कोणत्याही देशातला असो, त्याचे कौतुक करायला हरकत नाही.

अँड्र्यू जॉन्सन हे शिंपी. लहानपणी शिंप्याकडे उमेदवारीला बांधलेले, शाळेची पायरी न चढलेले. स्वतः अध्यक्षीय निवडणूक त्यांनी जिंकली नव्हती. ते लिंकन यांचे उपाध्यक्ष होते आणि १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाल्यावर गादीवर आले. युलिसिस ग्रँट यांच्या वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. सैन्यात नाव कमावण्यापूर्वी ग्रँट वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला होते. १८६८ आणि १८७२ अशा दोन निवडणुका त्यांनी जिंकल्या.

पण इथेच सावध व्हावे. कारागिराच्या घरातला माणूस वर गेला म्हणजे कारागिराचे भले झाले, असे धरून चालू नये. याच ग्रँट यांच्या एका सहीने हिंदुस्थानातल्या घराघरातली चांदी कशी हलकी केली, ते पुढे येईलच. त्याआधी कापसाची गोष्ट.

कापसाचे सोने आणि सोन्याची माती

१८६० च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. मते विभागली गेली आणि लिंकन अवघ्या ४० टक्क्यांच्या आसपास मते घेऊन निवडून आले. गुलामगिरीवर जगणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांना हा निकाल मान्य नव्हता. डिसेंबरात साऊथ कॅरोलिना फुटून निघाले आणि १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. तिथला कापूस अडकला आणि विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यांची नजर वळली हिंदुस्थानाकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि आपल्या दक्षिणेला असलेला धारवाड भाग, जिथे अमेरिकन बियाण्याचा कापूस आधीपासूनच लावला जात होता, तिथून गाठींमागून गाठी बंदरांकडे निघाल्या. मुंबईत पैशाचा पूर आला.

या पुरात सगळेच न्हाले असे नव्हे. कापूस परदेशी चालला तसे इथे सूत महागले. पिंजाऱ्याच्या धनुकलीला आणि मोमिनाच्या मागाला लागणारा माल हाताबाहेर गेला. पिकवणाऱ्याला आणि दलालाला सुकाळ, विणणाऱ्याला दुष्काळ, अशी गत झाली.

मुंबईत आलेल्या पैशाने पुढे सट्ट्याचे रूप घेतले. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅकबे भरणीच्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. माणसे उधारीवर भाग घेत आणि वायद्यावर विकत. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचा हिशेब चुकता करायची वेळ आली तेव्हा पेढ्या बसल्या. कापसाचे बादशहा म्हणवले जाणारे प्रेमचंद रायचंद त्यात बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

या साऱ्याची सुरुवात सातासमुद्रापलीकडच्या एका मंगळवारी झाली होती. तरीही नीट पाहिले तर ध्यानात येते की, खरा माल विकणारा भाव पडल्यावर फार तर नफ्याला मुकला. दिवाळे निघाले ते उसन्या पैशावर उद्याचा भाव विकत घेणाऱ्याचे.

चांदीची निवडणूक

आता ग्रँट यांची सही. १८७३ च्या फेब्रुवारीत त्यांनी नाण्यांच्या कायद्यावर सही केली. त्यात चांदीचा डॉलर पाडण्याची तरतूद वगळली गेली. त्याच सुमारास जर्मनीही सोन्याकडे वळली. जगात चांदीचे मोठे गिऱ्हाईक घटले आणि भाव घसरू लागला.

तेव्हा आपला रुपया चांदीचा होता. त्याचे वजन बरोबर एक तोळा. कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे घरातले पैंजण, तोडे, वाळे म्हणजे रुपयेच होते. चांदी घसरली तसा रुपयाही घसरला. एकेकाळी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९४-९५ मध्ये सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. विलायतेला सोन्यात रक्कम पाठवणाऱ्या इंग्रज सरकारला हा तोटा सोसेना. २६ जून १८९३ ला त्यांनी लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन सरकारनेही चांदीची मोठी खरेदी थांबवली.

याचा मार गरिबाला बसला. पूर्वी तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया. टांकसाळ बंद झाल्यावर रुपयाचे नाणे वेगळे आणि बायकोच्या पायातली चांदी वेगळी झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात लोक दागिने घेऊन बाजारात गेले तेव्हा त्यांना चांदीचे मोल कमी मिळाले. वाडवडिलांनी ज्याला रोकड समजून जपले, ती रोकड राहिली नव्हती.

आणि याच १८९६ साली अमेरिकेत जी निवडणूक झाली ती चांदीवरच लढली गेली. डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन म्हणत होते की, १६ भार चांदीला १ भार सोने या प्रमाणात चांदीची नाणी मुक्तपणे पाडा. कर्जबाजारी शेतकरी आणि खाणमालक त्यांच्या मागे. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ली सोन्याच्या बाजूचे. पेढीवाले आणि कारखानदार त्यांच्या मागे. मॅकिन्ली यांना २७१ निर्वाचक मिळाले, ब्रायन यांना १७६. ब्रायन १९०० मध्ये आणि १९०८ मध्येही उभे राहिले आणि तिन्ही वेळा हरले. १९०० मध्ये अमेरिकेने कायद्यानेच सोन्याची कास धरली.

हुपरीच्या पैंजणांवर आणि गुजरीतल्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. या मॅकिन्ली यांची दुसरी ओळख म्हणजे आयात शुल्क. परदेशी मालावर जबर शुल्क बसवणारा १८९० चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. डोनाल्ड ट्रम्प आपल्या भाषणांत त्यांचे नाव आदराने घेतात ते याच कारणाने.

निक्सन यांचा रविवार आणि टेक्सासचे भाऊ

पुढचा मोठा धक्का रिचर्ड निक्सन यांचा. १९६८ मध्ये ते निवडून आले. १५ ऑगस्ट १९७१ ला, रविवारी रात्री, त्यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की, डॉलरच्या बदल्यात परदेशी सरकारांना ठरल्या दराने सोने देणे बंद. तो ठरलेला दर औंसाला ३५ डॉलर होता. १९८० च्या जानेवारीत सोने ८५० डॉलरवर पोहोचले. निक्सन यांनी १९७२ ची निवडणूक ५० पैकी ४९ राज्ये घेऊन जिंकली होती. दोन वर्षांत वॉटरगेट प्रकरणाने त्यांना राजीनामा द्यावा लागला. माणूस गेला, त्याचा निर्णय मात्र राहिला.

१९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी १९८० च्या जानेवारीत ५० डॉलरच्या घरात गेली. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीचे प्रचंड साठे आणि वायदे करून ठेवले होते. बाजाराने नियम आवळले आणि २७ मार्च १९८० या एका दिवसात भाव ११ डॉलरच्या खाली आला. या चढ-उतारात मतपेटी कुठेच नव्हती. भुईमुगाच्या शेतीतून वर आलेले जिमी कार्टर तेव्हा अध्यक्ष होते आणि भाव चढला तेव्हाही तेच, पडला तेव्हाही तेच. त्याच नोव्हेंबरात महागाई आणि इराणमधल्या ओलिसांच्या प्रश्नावरून ते हरले. रोनाल्ड रेगन यांना ४८९ निर्वाचक मिळाले, कार्टर यांना ४९. चांदीला डॉलरमधला तो १९८० चा उच्चांक ओलांडायला ऑक्टोबर २०२५ उजाडावे लागले. तेव्हा चढ्या भावात साठा करून "परत चढेल" म्हणत बसलेल्याची एक पिढी निघून गेली.

चांदीच्या भावाशी आपला आणखी एक संबंध आहे. जकातीचा निसाब साडेबावन्न तोळे चांदीवरून, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅमवरून धरला जातो. भाव बदलला की निसाबाची रुपयांतली रक्कम बदलते. मागच्या वर्षीचा आकडा धरून यंदाचा हिशेब करू नये. आपल्या आलिमांना विचारून त्या दिवसाच्या भावाने करावा.

आपला कोण, परका कोण?

आपल्या समाजात एक सवय आहे. उमेदवार आपल्याविषयी चार बरे शब्द बोलला की तो आपला. २००० साली अमेरिकेतल्या प्रमुख मुस्लिम संघटनांच्या समन्वय समितीने जॉर्ज बुश यांना पाठिंबा दिला. गुप्त पुराव्यावर लोकांना अडकवण्याच्या प्रथेविरुद्ध ते जाहीर चर्चेत बोलले होते. त्या निवडणुकीचा निकाल फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी ठरला. देशभरात अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मते मिळूनही ते हरले. पुढे २००१ चा हल्ला झाला आणि २००३ च्या मार्चमध्ये बुश यांनी इराकवर युद्ध लादले. पाठिंबा देणाऱ्यांवर हात चोळत बसण्याची वेळ आली. २००३ मध्ये पिंपाला ३० डॉलरच्या आसपास असलेले खनिज तेल जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरपर्यंत गेले. त्याची कारणे अनेक होती, पण युद्ध त्यातले एक होते, आणि डिझेलचा खर्च प्रत्येक टेम्पोवाल्याला भोगावा लागला.

पक्ष बदलला की सारे बदलते हाही भ्रमच. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते जास्त मिळूनही ट्रम्प ३०४ निर्वाचकांनी जिंकले. मार्च २०१८ मध्ये त्यांनी पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क बसवले. जून २०१९ मध्ये भारताच्या काही मालाला मिळणारी शुल्कमाफीची सवलत काढून घेतली. २०२० मध्ये जो बायडन ३०६ विरुद्ध २३२ निर्वाचकांनी जिंकले. अनेकांना वाटले, आता सवलत परत येईल. त्यांच्या चार वर्षांत ती आली नाही.

२०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा आले. त्यांना ३१२ आणि कमला हॅरिस यांना २२६ निर्वाचक. हॅरिस यांची आई तामिळनाडूची, म्हणून इकडे काहींना त्या आपल्या वाटत होत्या. गाझाच्या रागापोटी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नसारख्या अरब वस्तीच्या शहरातही हॅरिस मागे पडल्या. नंतरचे सगळ्यांना ठाऊक आहे. २ एप्रिल २०२५ ला भारतीय मालावर २६ टक्के शुल्क जाहीर झाले आणि लगेच स्थगित झाले. ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागू झाले. २७ ऑगस्टपासून रशियन तेल घेण्याचा दंड म्हणून आणखी २५ टक्के. पोलादावरचे शुल्क त्याआधीच जूनमध्ये ५० टक्क्यांवर नेले होते. एका वर्षात इतक्या वेळा दर बदलले की निर्यातदारांना दरपत्रक देणेही अवघड झाले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्यांपासून आमच्या त्या तरुण भावाच्या लेथपर्यंत ही झळ अशी पोहोचली.

मग आपण काय करायचे?

तिकडचा निकाल आपल्या हातात नाही. दुकानाची मांडणी आपल्या हातात आहे. आमच्या मते पाच गोष्टी पाळाव्यात.

पहिली, धातूच्या कारागिराने शक्यतो वजनाने घ्यावे आणि वजनाने परत द्यावे. घट आणि टंच आधी ठरवून मजुरीवर कमवावे. मग चांदी चढली काय, पडली काय, आपली मजुरी शाबूत राहते. उसन्या पैशावर धातू भरून ठेवू नये.

दुसरी, ऑर्डर तोंडी घेऊ नये. शुल्क वाढले तर भार कोणी सोसायचा, काम अर्ध्यावर थांबले तर झालेल्या कामाचे पैसे कधी मिळणार, हे दोन ओळींत लिहून घ्यावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्येच आहे. वाचतो आपण सगळे, पाळतो किती जण?

तिसरी, सगळे काम एकाच गिऱ्हाईकाचे आणि तेही एकाच देशाकडे जाणारे नसावे. मजुरी थोडी कमी मिळाली तरी शेतीची अवजारे, पंप, इथल्या गाड्यांचे भाग अशी स्थानिक कामे हातात असू द्यावीत.

चौथी, निकालावर पैज आणि भावावर सट्टा, दोन्हींपासून लांब राहावे. पैज हा उघड जुगार आहे. माल न घेता न देता केवळ फरकावर चालणाऱ्या चांदीच्या वायद्याबाबत आपल्या उलेमांना विचारावे. १८६५ आणि १९८० चे दिवाळखोर आपल्याहून शहाणे आणि श्रीमंत होते, तरीही बुडाले.

पाचवी, तारखांवर लक्ष ठेवावे. निकाल नोव्हेंबरात लागतो, शपथविधी २० जानेवारीला होतो आणि निर्णय त्यानंतर येतात. पहिल्या वेळी पोलादावरचे शुल्क यायला निकालापासून सोळा महिने लागले, दुसऱ्या वेळी मोठी घोषणा पाच महिन्यांत झाली. आवराआवर करायला तेवढी सवड मिळते. नवे यंत्र, नवे कर्ज, नवा गाळा यांचा निर्णय त्या काळात जपून घ्यावा.

आता त्या तरुण भावाच्या प्रश्नाचे उत्तर. भावा, मत तुझे नव्हते हे खरे, पण तुझी मजुरी ज्या मालावर अवलंबून होती त्याचे गिऱ्हाईक तिकडे होते, आणि गिऱ्हाईकाच्या घरातला कारभारी बदलला की त्याची झळ दुकानदाराला बसतेच. दुसरा लेथ विकू नकोस. त्यावर इथले काम शोध. हप्त्यांचे लांबणीवर टाकता येते का ते बँकेत स्वतः जाऊन विचार. आणि यापुढे ऑर्डर लिहून घे.

अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. अर्थात मंगळवारीच. मिरजकर तिकटीला तेव्हाही चहा होईल, चर्चा होईल. तोवर आमच्या बांधवांच्या वह्या लिहिलेल्या आणि देणी फिटलेली असावीत, एवढीच आमची दुआ. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.